हक्कसोड, हिस्तल्कूत आणि मधला दुभाषी

प्रश्न : मी इस्रायलमध्ये अश्दोदला राहते. आम्ही बेने इस्रायली, मूळचे अलिबागकडचे. चौदा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर मुंबईहून इथं आले. माझा धाकटा भाऊ तीस वर्षं फ्रँकफर्टला होता. त्यानं लग्न केलं नव्हतं. ५ फेब्रुवारीला तो वारला, त्याच दिवशी त्याच्या मित्राचा फोन आला. मे महिन्यात तिथल्या वारसा न्यायालयाचं जर्मन पत्र आलं. भावाचा एक फ्लॅट आहे, बँकेत थोडे पैसे आहेत, आणि मित्र म्हणतो की कर्जही आहे, त्यातलं काही त्याच्याकडूनच घेतलेलं. मला काही नको. माझा वाटा दिमोनाला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला मिळावा. मित्रानं नोटरीची वेळ घेतली आहे. तो म्हणतो, तुम्ही या, हिस्तल्कूतवर, म्हणजे वाटा सोडण्याच्या कागदावर, सही करा, दुभाषाचं काम मी करतो. त्याला हिब्रू आणि जर्मन दोन्ही उत्तम येतं. माझी मुलगी तेल अवीवला जर्मन शिकली आहे, ती म्हणते मीच येते. अशा कामाला हिब्रू-जर्मन दुभाषी कुठे मिळतो? सरकार फुकट देतं असं ऐकलं, ते खरं का? मराठीत लिहिते, कारण मनातलं त्यातच नीट उतरतं.

उत्तर : ताई, भाऊ गेल्याचं दुःख ताजं असताना तुम्हाला परक्या भाषेतल्या कागदांशी झुंजावं लागतंय, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुम्ही दुभाषाबद्दल विचारलंत. त्याचं सविस्तर उत्तर देते, पण त्याआधी एक तारीख लिहून घ्या : ५ ऑगस्ट.

वारसा नाकारायचा असेल तर जर्मन कायद्यात एरवी सहा आठवडे मिळतात. मुदत सुरू होताना वारस परदेशात असेल तर सहा महिने मिळतात. भाऊ गेला आणि आपण वारस आहोत हे कळलं त्या दिवसापासून ती मोजतात. तुम्हाला ५ फेब्रुवारीलाच फोन आला, म्हणून सुरक्षित राहायचं तर तोच दिवस धरा. नकार ५ ऑगस्टपर्यंत न्यायालयात पोहोचावा लागतो. टपालात टाकला हे पुरत नाही. तुम्ही गप्प राहिलात तर कायदा वारसा स्वीकारला असं धरतो, कर्जासकट. हिब्रूत लिहिलेलं पत्र पाठवून मुदत सांभाळली असं समजू नका. तिथल्या न्यायालयाची भाषा जर्मन आहे, तसं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता तुमच्या पत्रातला तो शब्द, हिस्तल्कूत. मी पत्र वाचताना त्याच शब्दापाशी थांबले.

तुमच्या मनात जे आहे त्याला महाराष्ट्रात आपण हक्कसोड म्हणतो. बहीण भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देते आणि तिचा वाटा त्याच्याकडे जातो. इस्रायलच्या १९६५ च्या वारसा कायद्यातली हिस्तल्कूत त्याच्या बरीच जवळ आहे. वारसाला आपला वाटा पूर्ण किंवा काही अंशी सोडता येतो, आणि मृताचा जोडीदार, मूल किंवा भावंड यांच्यापैकी कोणाच्या लाभात सोडतो तेही सांगता येतं. तुमची बहीण मृताचं भावंड आहे, म्हणजे इस्रायलमध्ये तुम्हाला हवं ते जमलं असतं.

पण तुमचा भाऊ राहत होता फ्रँकफर्टला. १७ ऑगस्ट २०१५ पासूनच्या मृत्यूंना युरोपीय संघाचा वारसा नियम लागतो. माणूस शेवटी जिथं कायम राहत होता त्या देशाचा कायदा त्यात चालतो, वारस कुठल्याही देशाचे असोत. त्यानं मृत्युपत्रात दुसरा कायदा निवडला नसेल, तर इथं जर्मन कायदा लागेल. आणि जर्मन कायद्यातली आउसश्लागुंग, म्हणजे वारसा नाकारणं, वेगळी गोष्ट आहे. ती अर्धीमुर्धी करता येत नाही, तिला अट घालता येत नाही, ‘अमक्याला मिळावं’ असं त्यात सांगता येत नाही. तुम्ही नाकारलंत की कायदा तुम्ही हयातच नव्हतात असं समजून पुढचा वारस शोधतो. तुमच्या वाट्याचे पुढचे वारस तुमची बहीण नव्हे, तुमची मुलं. म्हणजे तुम्ही सही करून अश्दोदला परत याल, वाटा दिमोनाला गेला असं समजाल, आणि काही दिवसांनी न्यायालयाचं पत्र तुमच्या मुलीच्या हातात पडेल. तिनं नाकारलं तर तिच्या मुलांच्या. नातवंडं अल्पवयीन असली तर गुंता आणखी वाढतो. आणि भावावर खरंच कर्ज असेल, तर तुम्ही तुमच्या डोक्यावरचं ओझं नकळत मुलांच्या डोक्यावर ठेवलेलं असेल.

शब्दकोशात पाहिलं तर आउसश्लागुंगला हिब्रू शब्द म्हणून हिस्तल्कूतच सापडेल. चांगला दुभाषीही कदाचित तोच वापरेल. फरक इतकाच की तो वापरताना अडखळेल, नोटरीकडे वळून म्हणेल की या शब्दानं बाईंना इस्रायलमधला अर्थ वाटू शकतो, कृपया तुम्ही समजावून सांगा. कायदा समजावणं नोटरीचं काम आहे, दुभाषाचं नाही. पण कुठे समजावण्याची गरज आहे हे त्या खोलीत फक्त दुभाषालाच दिसतं. म्हणून तो कोण आहे, याला एवढं महत्त्व.

भावाच्या मित्राला दुभाषी करू नका. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, कदाचित त्यानं भावाला शेवटपर्यंत जपलं असेल. पण त्याचं इस्टेटीकडून येणं आहे असं तोच सांगतो, आणि मधल्या माणसाचा व्यवहारात एक पैशाचाही संबंध असता कामा नये. जर्मन नोटरीच्या कायद्यात हे लिहिलेलंच आहे : ज्या कारणांनी एखादा नोटरी स्वतः तो दस्त करू शकत नाही, तीच कारणं दुभाषालाही लागतात. दस्तातून ज्याला कायदेशीर फायदा होणार तो दुभाषी म्हणून बसू शकत नाही. समजा त्या दिवशी ‘एवढं कर्ज आम्हाला मान्य आहे’ असा एखादा कागद पुढे आला, तर? तो कागद तुम्हाला वाचून दाखवणार तोच, ज्याला ते पैसे मिळायचे आहेत. कर्जाचा पुरावा त्याच्याकडून लेखी मागा, तारखांसकट, बँकेच्या नोंदींसकट. त्यात संकोच नको. खरं कर्ज असेल तर कागद निघेल.

मुलीचंही नाव तिथं चालणार नाही. आई-मुलगी, आजी-नातू असं सरळ रक्ताचं नातं असलं की तो माणूस त्या आईच्या दस्ताला दुभाषी होऊ शकत नाही, नवराही नाही. पण तिला बरोबर नक्की न्या. तिनं शेजारी बसून ऐकावं, खटकलं तर तिथल्या तिथे थांबवावं. दोन्ही भाषा कळणारा आपला एक माणूस खोलीत असणं ही मोठी गोष्ट आहे. १९६१ साली जेरुसलेमला आइखमनवर खटला चालला तेव्हा कामकाज हिब्रूत होतं आणि आरोपीला जर्मन भाषांतर कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकू येत होतं. पण तिन्ही न्यायाधीशांना जर्मन येत असल्यानं ते अधूनमधून थेट जर्मनमधूनच त्याला प्रश्न विचारत. भाषांतर डगमगलं तरी न्यायपीठाला मूळ शब्द कळत होते. तुमच्या नोटरीच्या टेबलाशी तशी सोय नसेल. मुलगी असली तर थोडी असेल.

आता दुभाषी शोधायचा कसा.

जर्मनीत बोलणाऱ्याचं आणि लिहिणाऱ्याचं काम वेगळं धरतात. तोंडी काम करतो तो डोल्मेचर, लेखी भाषांतर करतो तो युबरझेत्सर. एकाच माणसाकडे दोन्ही परवाने असू शकतात, पण असतीलच असं नाही, म्हणून विचारून घ्या. सगळ्या राज्यांच्या न्याय खात्यांनी मिळून शपथबद्ध दुभाषी आणि भाषांतरकारांची एक सामायिक यादी इंटरनेटवर ठेवली आहे, तिचं नाव यूस्टित्स-डोल्मेचर. भाषेच्या जागी हेब्रेइश निवडा, मग राज्य किंवा शहर. फ्रँकफर्ट हेसेन राज्यात आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. हिब्रूचे दुभाषी तुर्की किंवा अरबीइतके जागोजागी नाहीत, तेव्हा शेजारच्या राज्यातला किंवा बर्लिनचाही चालेल. प्रवासाचा खर्च आणि वेळ तेवढा पडेल. दुभाषी आणि भाषांतरकारांची बीडीयू नावाची राष्ट्रीय संघटना आहे, तिच्याकडेही शोधायची सोय आहे. यादीत नाव सापडलं की लगेच तारीख धरा.

एक सावधगिरी. जर्मनीत धर्मशास्त्र शिकणारे हिब्रू शिकतात, त्याची परीक्षाही असते. ते बायबलचं हिब्रू. तल्मूद वाचणारा विद्वान आणि अश्दोदच्या बँकेतल्या बाईचं बोलणं कळणारा माणूस एकच असेल असं नाही. तुम्हाला इव्रित, म्हणजे आजचं बोलतं हिब्रू, येणारा माणूस हवा.

फोनवर बोलाल तेव्हा शपथ कोणत्या न्यायालयात घेतली ते विचारा आणि त्या पत्राची प्रत मागा. न्यायालयीन दुभाषांसाठी जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून नवा केंद्रीय कायदा आहे. त्याप्रमाणे दिलेली शपथ पाच वर्षांनी संपते आणि नूतनीकरण करावं लागतं. मग वारसाहक्काचं काम पूर्वी केलंय का ते विचारा. आणि शेवटी, ‘आउसश्लागुंग हिब्रूत कसं सांगाल?’ उत्तरात नुसताच एक शब्द आला तर पुढचं नाव बघा. ‘हिस्तल्कूत म्हणतात, पण...’ असा ‘पण’ आला तर त्या माणसाला धरून ठेवा. ‘त्साव येरुशा’चंही तसंच. इस्रायली वारसा निबंधकाचा तो आदेश आणि जर्मन न्यायालयाचा एर्बशाइन हा वारस दाखला एकमेकांची जागा घेत नाहीत. जो दोन्हींना डोळे झाकून एकच नाव देतो त्याच्या हाती तुमची सही सोपवू नका.

दुभाषी आधीच शपथबद्ध नसला तर नोटरीनं त्याला तिथल्या तिथे शपथ द्यायची असते, मात्र उपस्थित सगळ्यांनी ती सोडून दिली तर नाही. घाईत ‘शपथेची गरज नाही ना?’ असं विचारतात आणि माणूस सभ्यपणे मान डोलावतो. तुम्ही सोडू नका. दुसरा हक्क याहून मोलाचा : तुम्ही मागितलं तर दस्ताचं लेखी भाषांतर करून तुम्हाला वाचायला द्यावं आणि दस्ताला जोडावं, असं कायदा सांगतो. ते मागा, आणि वेळ ठरवतानाच मागा, म्हणजे आधी हातात येईल. रात्री घरी चहा घेत दोनदा वाचाल तेव्हा जे खटकेल ते नोटरीच्या खुर्चीत बसून खटकणार नाही.

मान डोलावण्यावरून आठवलं. काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर आपल्याकडचे एक आजोबा बसले होते. प्रत्येक कलमाला ते आपली भारतीय मान हलवत होते, ‘ऐकतोय, ऐकतोय’ या अर्थानं. नोटरीला वाटलं नाही म्हणतायत, दुभाषाला वाटलं हो म्हणतायत, आणि पाऊण तास गेला तेव्हा कळलं की आजोबांना तिसरं कलम समजलेलंच नाही. तुम्ही तोंडानं ‘केन’ किंवा ‘लो’, म्हणजे हो किंवा नाही, म्हणा. दोन-तीन वाक्यं बोलून थांबा. तुम्ही पाच मिनिटं बोललात आणि दुभाषानं पाच शब्दांत संपवलं तर विचारा, बाकीचं कुठे गेलं?

मराठीचा दुभाषी मागावा का, असंही तुमच्या मनात आलं असेल. माझं मत, नको. मनातलं मराठीत येतं हे खरं, पण बँक, घर, कर, वारसा हे सगळे व्यवहार तुम्ही आयुष्यभर हिब्रूत केलेत. त्या कामाची तुमची भाषा हिब्रूच आहे.

फुकट दुभाषाबद्दल जे ऐकलंत ते फौजदारी खटल्यातलं. आरोपीला भाषा कळत नसेल तर दुभाषी सरकारी खर्चानं मिळतो आणि शिक्षा झाली तरी तो खर्च त्याच्याकडून वसूल करता येत नाही. जर्मनी पूर्वी वसूल करत असे. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयानं १९७८ साली जर्मनीविरुद्धच्याच एका प्रकरणात ते चूक ठरवलं. तुमचं काम दिवाणी आहे, नोटरीकडचा दुभाषी तुमच्या पैशानं. दर आधी लेखी ठरवा. अंदाजासाठी सांगते, न्यायालय दुभाषाला तासाला देतं तो दर २०२१ पासून ८५ युरो होता, जून २०२५ पासून ९३ युरो झाला. खासगी कामात दर ठरवायला दोघंही मोकळे असतात. लेखी भाषांतराची आकारणी ५५ अक्षरांची एक ओळ धरून करतात.

कागदांकडे वळते, कारण तिथं आपल्या लोकांची हमखास अडचण होते. तुम्ही त्याची बहीण आहात हे सिद्ध करायला दोघांचे जन्मदाखले लागतील, आईवडिलांचे मृत्यूदाखले लागतील. आईवडील इस्रायलमध्ये वारले असतील तर ते दाखले हिब्रूत. त्यांवर अपोस्तील, म्हणजे दाखला परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा आंतरराष्ट्रीय करारातला शिक्का, घ्या, इस्रायल आणि जर्मनी दोघंही त्या करारात आहेत. जन्मदाखले मात्र मुंबईचे. भारतही करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीनं हरकत घेतली, म्हणून भारतीय अपोस्तील जर्मनीत धरून चालत नाही. त्याऐवजी दाखल्याची पडताळणी होते आणि तिला वेळ लागतो. न्यायालयाला ती हवी आहे का ते आधीच विचारून घ्या. मुंबई महानगरपालिकेचा मराठी आणि इंग्रजी असा दुभाषिक दाखला नव्यानं काढला तर इंग्रजीवरून जर्मन भाषांतर करून घेता येतं, मराठीचा शपथबद्ध भाषांतरकार शोधत बसायला नको. आईची कतुबा, म्हणजे यहुदी विवाहपत्र, असेल तर ती अरामी भाषेत असते आणि तारीख यहुदी पंचांगाची, तेव्हा भाषांतरकाराला आधी दाखवा.

आणि नाव. हिब्रूत स्वर लिहीत नाहीत, प आणि फ ला एकच अक्षर, ब आणि व ला एकच. एखादं पेणकर आडनाव जर्मन कागदावर फेनकर किंवा पिनकर होऊन उतरू शकतं, नवगावकरचं तर काय होईल सांगता येत नाही. भाषांतरकाराला तुमच्या, बहिणीच्या आणि भावाच्या पासपोर्टची प्रत द्या आणि लॅटिन अक्षरांतलं स्पेलिंग जसंच्या तसं ठेवायला सांगा. एका अक्षरावरून सख्खं भावंडपण सिद्ध करत महिने गेलेले मी पाहिलेत.

बहिणीला वाटा द्यायची तुमची इच्छा पूर्ण होऊ शकते, फक्त वाट वेगळी आहे. आधी भावाचं येणं-देणं काय ते पाहायचं. हे कळेपर्यंत फ्लॅटमधलं काही विकू नका आणि वारस दाखल्याचा अर्जही करू नका, कारण अर्ज म्हणजे स्वीकार. कर्ज मालमत्तेपेक्षा जास्त निघालं तर तुम्ही, मुलं आणि बहीण सगळ्यांनीच नाकारायचं, आपापल्या मुदतीत. मालमत्ता जास्त असली तर वारसा स्वीकारायचा आणि मग तुमचा वाटा नोटरीच्या दस्तानं बहिणीच्या नावे करायचा. जर्मन कायदा सहवारसाला ती मुभा देतो. त्यानं कर्जाची जबाबदारी मात्र तुमच्यावरून पूर्ण उतरत नाही. मला विचाराल तर दोघींनी मिळून फ्लॅट विकावा, देणी फेडावीत आणि तुमच्या हाती आलेले पैसे तुम्ही घरी गेल्यावर बहिणीला द्यावेत, हे सगळ्यांत सुटसुटीत. जर्मन वारसा करात भावंडाला २०,००० युरोपर्यंत सूट आहे, त्याच्या पुढचा हिशेब सल्लागाराकडून करून घ्या.

यातल्या बऱ्याच कामांना फ्रँकफर्टला जायचीही गरज नाही. तेल अवीवच्या जर्मन दूतावासात नकारावरची सही प्रमाणित करून मिळते आणि वारस दाखल्याचा अर्जही तिथं नोंदवता येतो. तिथली वेळ लगेच मिळेल असं धरू नका, आजच मागा. मित्रानं घेतलेली नोटरीची वेळ त्याचे आभार मानून रद्द करा. न्यायालयाचं पत्र मुलीला वाचायला द्या, वरच्या कोपऱ्यात प्रकरण क्रमांक असेल, तो लिहून घ्या. दूतावासाला, दुभाषाला, वकिलाला प्रत्येक वेळी तो द्यावा लागेल.